मौनात बसणाऱ्या माणसाने सार्वजनिक पद घ्यावे का? क्वेकर श्रद्धा आणि लोकप्रतिनिधित्व

ओसरी (प्रश्न)

गेली सहा वर्षे मी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात एका क्वेकर मीटिंगमध्ये, म्हणजे स्थानिक उपासना मंडळीत, जाते आहे आणि त्यांपैकी शेवटची दोन वर्षे मी तिची रीतसर सदस्य आहे. ज्यांना हा पंथ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या सोबत्यांनी सुरू केलेला हा ‘मित्रसमाज’ आहे. क्वेकर हे नाव मुळात टवाळीने दिलेले, पुढे तेच रूढ झाले. आमच्या पद्धतीच्या मीटिंगमध्ये पाद्री नसतो, प्रवचन नसते आणि ठरलेली प्रार्थनाही नसते. तासभर शांत बसायचे आणि आतून कोणाला बोलावेसे वाटलेच तर त्याने उभे राहून मोजके बोलायचे, एवढाच विधी. प्रत्येक माणसात ईश्वराचा काही अंश आहे आणि त्याचे म्हणणे मध्यस्थाशिवाय ऐकू येऊ शकते, हा त्यामागचा विश्वास.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आमच्या भागातील काही पालकांनी मला शालेय मंडळाची निवडणूक लढवण्याचा आग्रह केला आहे. मंडळावर नऊ सदस्य असतात, मुदत चार वर्षांची असते आणि मानधन काहीही नसते. उमेदवारीची कागदपत्रे मार्चमध्ये द्यावी लागतील. मला काम आवडेल, आणि बहुधा जमेलही; परंतु तीन ठिकाणी माझे पाऊल अडते.

पहिली अडचण शपथेची. क्वेकर शपथ घेत नाहीत आणि पद स्वीकारताना ती घ्यावी लागते. दुसरी अडचण मतदानाची. आमच्या कामकाजाच्या सभेत हात वर करून मते मोजली जात नाहीत. सर्वांचे बोलणे ऐकून सभेचा कौल कुठे आहे हे क्लार्क, म्हणजे सभेचे कामकाज चालवणारी सदस्य, ओळखते, तिथेच बसून ठराव लिहिते, वाचून दाखवते आणि सर्वांना पटला तरच तो नोंदवला जातो. शालेय मंडळात मात्र पाच विरुद्ध चार झाले की विषय संपला. ज्या रीतीने निर्णय घेणे मला उणे वाटते, त्याच रीतीने चार वर्षे निर्णय घ्यायचे का? तिसरी अडचण सर्वांत जड आहे. शाळांच्या दाराशी सशस्त्र रक्षक नेमावेत की नाही हा विषय येत्या वर्षी मंडळापुढे येणार आहे, आणि मी एकटी विरोधात राहिले तरी अंदाजपत्रकाच्या एकत्रित ठरावात त्या रक्षकांचे पगार येतील, ज्यावर मला हो किंवा नाही म्हणावेच लागेल.

याखेरीज एक चौथी गोष्ट आहे, जी मी आतापर्यंत कोणाजवळ बोललेले नाही. मला विचारले गेले याचा मला जो आनंद झाला, तो आनंदच मला थोडा संशयास्पद वाटतो. आतली प्रेरणा कोणती आणि मिरवण्याची हौस कोणती, हे कसे ओळखायचे? ज्यांनी या वाटेचा अभ्यास केला आहे किंवा प्रत्यक्ष काम केले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

जुना दफ्तरी

शपथेचा प्रश्न तुम्ही पहिला मांडला आहे, पण तो आज सर्वांत सोपा आहे, कारण तुमच्या आधी अनेकांनी तुरुंगात बसून तो सोडवून ठेवला आहे. ‘शपथ वाहूच नका’ हे बायबलमधील वचन त्याच्या मुळाशी आहे हे खरे. परंतु त्यामागचा विचार अधिक रोखठोक होता. मी शपथेवर खरे बोलतो असे म्हणणे म्हणजे एरवी मी खरे बोलेनच असे नाही, अशी कबुली देणे होय. राजनिष्ठेची शपथ नाकारणे हा गुन्हा ठरवणारा कायदा इंग्लंडमध्ये 1662 साली झाला आणि शेकडो लोक आत गेले. 1696 च्या कायद्याने शपथेऐवजी साधे प्रतिज्ञाकथन करण्याची मुभा मिळाली, पण सार्वजनिक पदे त्यातून वगळलेली होती. त्यामुळे 1698 साली संसदेवर निवडून आलेल्या जॉन आर्कडेल यांना शपथ नाकारल्यामुळे जागेवर बसता आले नाही. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. 1832 च्या निवडणुकीत साउथ डरहॅममधून जोसेफ पीज निवडून आले, तेव्हा त्यांना काय करायचे हे ठरवण्यासाठी कॉमन्स सभागृहाला समिती नेमावी लागली आणि मग 1833 मध्ये प्रतिज्ञाकथन करून ते आपल्या जागेवर बसले.

अमेरिकेत हा वाद राज्यघटनेनेच मिटवला. सहाव्या अनुच्छेदात ‘शपथ किंवा प्रतिज्ञाकथन’ असे दोन्ही पर्याय आहेत आणि पेनसिल्व्हेनियाच्या पदग्रहणाच्या मजकुरातही दोन्ही शब्द आहेत. तुम्ही मंडळाच्या सचिवांना आधी एक ओळ लिहून कळवा, म्हणजे ऐन वेळी सर्वांसमोर कुजबुज होणार नाही.

तुमच्या तिसऱ्या अडचणीकडे पाहताना मला जॉन ब्राइट आठवतात. रोचडेलच्या गिरणीमालकाचा हा मुलगा चाळीसहून अधिक वर्षे ब्रिटिश संसदेत होता. क्रिमियन युद्धाला त्यांनी सभागृहात उभे राहून विरोध केला, तोही युद्धज्वर ऐन भरात असताना, आणि 1857 साली मँचेस्टरच्या मतदारांनी त्यांना घरी बसवले. त्याच वर्षी बर्मिंगहॅमने त्यांना परत पाठवले. हा भाग सर्वांना ठाऊक असतो. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पुढचे. 1868 मध्ये त्यांनी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या मंत्रिमंडळात पद स्वीकारले. ते एका साम्राज्याचे मंत्रिमंडळ होते, त्याच्याकडे सैन्य होते, आरमार होते, आणि त्या दोन्हींच्या खर्चाला मान्यता देणाऱ्या सरकारात ब्राइट बसत होते. म्हणजे तुमच्या अंदाजपत्रकाचा पेच त्यांनाही होताच, तुमच्याहून कैक पटींनी मोठा. ते बसले. मात्र जुलै 1882 मध्ये ब्रिटिश आरमाराने इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरावर तोफा डागल्या, तेव्हा काही दिवसांतच त्यांनी राजीनामा दिला. ग्लॅडस्टन त्यांचे जवळचे मित्र होते आणि राजीनाम्यानंतरही त्यांनी मित्रावर चिखलफेक केली नाही.

यावरून मी काढतो तो अर्थ असा, की पद घेताना सगळे हिशेब स्वच्छ असलेच पाहिजेत असा आग्रह ब्राइट यांनी धरला नाही. पण कोणत्या कागदावर आपली सही असू शकत नाही, हे त्यांना ठाऊक होते. तुम्हालाही निवडणुकीआधी तेवढेच ठरवावे लागेल. बाकीचे बसल्यावर ठरते.

तिरका प्रश्न

वरचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, पण त्यात एक सोयीचा इतिहास आहे असे मला नम्रपणे म्हणायचे आहे. क्वेकर म्हटले की आपण गुलामगिरीविरोधी लढा, तुरुंगसुधारणा, शांततेचे नोबेल अशी यादी वाचतो. मी त्या समाजाचा नाही. बाहेरून पाहणारा आहे, म्हणून दुसरी यादीही समोर ठेवतो.

ज्या विल्यम पेन यांनी 1681 साली सनद मिळवून धर्मस्वातंत्र्याची वसाहत उभारली, त्यांच्या स्वतःच्या मालमत्तेवर गुलाम राबत होते. फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाऊनमधील चार माणसांनी 1688 मध्ये गुलामगिरीविरुद्ध निवेदन लिहिले, ते एका सभेने वरच्या सभेकडे, तिने आणखी वरच्या सभेकडे सरकवले आणि अखेर ते बाजूला ठेवले गेले. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्यांना सदस्यत्व नाकारले ते 1776 मध्ये. मधली 88 वर्षे कुठे गेली? ती ‘सभेचा कौल अजून स्पष्ट नाही’ या वाक्यात गेली. सर्वांना पटेपर्यंत थांबायचे ही रीत ऐकायला फार सुंदर आहे, परंतु ज्याच्या पायात साखळी आहे त्याला विचारूनच ती सुंदर म्हणावी. पाच विरुद्ध चार मतांनी का होईना, पण तो प्रश्न निकाली निघाला असता तर कोणाचे काय बिघडले असते?

बेंजामिन ले यांची गोष्ट तर ओसरी यांनी अवश्य वाचावी. उंचीने जेमतेम चार फूट, पाठीला कुबड, पूर्वी खलाशी. 1738 मध्ये न्यू जर्सीतील बर्लिंग्टन येथे वार्षिक सभेत ते मोठा अंगरखा घालून आले. आत लष्करी पोशाख होता, तलवार होती आणि आतून कोरलेल्या पुस्तकात रानफळांच्या लाल रसाने भरलेली पिशवी दडवलेली होती. गुलाम बाळगणारे हे ईश्वराच्या दृष्टीने माणसाच्या काळजात तलवार खुपसणारे आहेत, असे म्हणत त्यांनी ते पुस्तक भोसकले आणि तो लाल रस भोवतालच्या प्रतिष्ठित मंडळींच्या अंगावर उडाला. समाजाने त्यांना बाहेर काढले. आज त्याच समाजाचे लोक अभिमानाने त्यांचे नाव घेतात, हे मला थोडे गमतीचे वाटते.

आणि केवळ त्या घरात जन्म झाला म्हणून माणूस तसा वागतोच असे नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले रिचर्ड निक्सन क्वेकर घरातच वाढले होते. डिसेंबर 1972 मधील व्हिएतनाममधल्या हनोईवरची बाँबफेक कोणाच्या आदेशाने झाली हे सांगायला नको.

शेवटचा मुद्दा. 1756 मध्ये डेलावेअर या मूळ रहिवाशांच्या जमातीविरुद्ध युद्ध पुकारले गेले, तेव्हा पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळातील काही क्वेकर सदस्यांनी राजीनामे दिले. हात स्वच्छ राहिले, युद्ध झालेच. ओसरी यांनी खुर्ची न घेतल्यास रक्षक नेमायचे थांबणार आहे का? माझ्या मते पद नाकारण्यात कधी कधी श्रद्धेपेक्षा स्वतःच्या निर्मळपणाचे कौतुक अधिक असते.

पायरी क्रमांक तीन

तिरका प्रश्न यांच्या म्हणण्यातील बोच मला मान्य आहे. तरी 1688 ते 1776 ही वर्षे निव्वळ थांबण्यात गेली असे मी म्हणणार नाही, कारण त्याच काळात जॉन वूलमन नावाचा एक शिंपी न्यू जर्सीपासून दक्षिणेपर्यंत दारोदार हिंडत होता. तरुणपणी तो एका दुकानात कारकुनी करीत असताना मालकाने त्याला एका गुलाम स्त्रीचे विक्रीपत्र लिहायला सांगितले. गिऱ्हाईक समोर ताटकळत उभे, आणि तेही वयस्कर क्वेकर. वूलमनने ते लिहिले. लिहिताना मात्र मालकाच्या आणि त्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगितले, की गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे मला वाटते. पुढे कोणी तसा कागद किंवा तसे मृत्युपत्र लिहायला सांगितले की तो नकार देई. एखाद्या गुलामधारकाकडे मुक्काम झाला तर निघताना तो तिथल्या गुलामांच्या हातावर त्यांच्या कामाचे पैसे ठेवी. यजमानाला किती अवघडल्यासारखे होत असेल याची कल्पना करा. तरीही त्याच घरी त्याला पुन्हा बोलावले जाई. 1758 च्या वार्षिक सभेत गुलामांची खरेदीविक्री करणाऱ्यांविरुद्ध निर्णय झाला, त्यात त्याच्या बोलण्याचा मोठा वाटा होता. ले यांनी रस उडवला नसता तर तो प्रश्न टोचत राहिला नसता, आणि वूलमन घरोघर गेला नसता तर टोचूनही कोणी हलले नसते. मला या दोघांतून एकच निवडता येत नाही.

आता माझा अनुभव सांगतो, कारण ओसरी यांनी प्रत्यक्ष काम केलेल्यांना बोलावले आहे. वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या टेकडीवर ‘राष्ट्रीय कायदेविषयक मित्रसमिती’ ही 1943 पासून चालणारी क्वेकर संस्था आहे. दर दोन वर्षांनी नवीन संसद येण्याआधी ती देशभरातील मीटिंगांना विचारते, की येत्या काळात कोणत्या विषयांवर जोर द्यावा. उत्तरे एकत्र करून, मतदान न घेता, प्राधान्यक्रम ठरतात. तरुणांसाठी दर वसंतात ती एक शिबिर घेते. मी असाच एकदा गेलो होतो. इराक युद्धासाठी 2002 मध्ये दिलेला लष्करी अधिकार रद्द करावा, एवढीच आमची मागणी होती.

आम्ही सहाजण एका सिनेटरच्या कार्यालयाबाहेर, संगमरवरी पायऱ्यांजवळ, दोन मिनिटे गप्प उभे राहिलो. लोक वळून पाहत होते. आत आम्हाला पंधरा मिनिटे मिळाली, सिनेटर नव्हे तर त्यांची एक तरुण सहायक भेटली, आणि बसायला खुर्च्या चारच होत्या. बोलण्याची सुरुवात माझ्याकडे होती. मी वूलमनपासून आरंभ केला! नऊ मिनिटे मी इतिहास सांगत होतो, ती बाई शांतपणे ऐकत होती, आणि मागणीवर आलो तेव्हा तिचा पुढचा पाहुणा दाराशी येऊन उभा राहिला होता. परतताना आमच्या गटातील सर्वांत लहान मुलीने मला एवढेच विचारले, “तिचे मत काय आहे हे आपण विचारले का?” विचारले नव्हते. प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे असे म्हणणारा मी, समोरच्या बाईचे तोंड उघडू दिले नाही.

दुसऱ्या दिवशीच्या भेटीत आम्ही आधी त्या सिनेटरने पूर्वी केलेल्या एका चांगल्या मतदानाबद्दल आभार मानले, एका वाक्यात मागणी सांगितली, अडचण काय आहे ते विचारले आणि थांबलो. अडचण खरी होती, आम्ही कल्पिली होती ती नव्हतीच. भेटीचे फळ लगेच मिळत नाही. तो प्रस्ताव सिनेटमध्ये 66 विरुद्ध 30 मतांनी मंजूर झाला तो मार्च 2023 मध्ये, आणि त्यात आमच्या पंधरा मिनिटांचा वाटा किती हे मोजायच्या भरीस मी पडत नाही. पण क्वेकर पद्धतीचे नेतृत्व कशाला म्हणायचे, हे मला त्या पायऱ्यांवर कळले. मौन पाळायचे ते बोलण्याआधी धीर गोळा करायला, असा माझा समज होता. ते मुख्यतः ऐकण्याची तालीम असते. मतदानाच्या तुमच्या अडचणीवर माझे उत्तर हेच आहे. मंडळ मते मोजू दे. मते मोजण्याआधीचा जो तास असतो, त्यात तुम्ही कशा बसता, विरोधकाचे म्हणणे त्याच्यापेक्षा नीट मांडून दाखवू शकता की नाही, यावर कोणाचा ताबा नाही.

जुना दफ्तरी

तिरका प्रश्न यांनी 1756 चा उल्लेख केला, त्यात अर्धी गोष्ट राहिली. राजीनामे दिल्यावर ते लोक घरी गेले नाहीत. त्याच वर्षी इझ्रायल पेंबर्टन आणि इतर व्यापारी क्वेकरांनी मूळ रहिवाशांशी शांततेच्या मार्गाने सलोखा व्हावा म्हणून स्वतःच्या पैशाने एक संघटना काढली, ईस्टन येथील वाटाघाटींना ते जातीने हजर राहिले आणि राज्यपालांना त्यांची ही लुडबुड मुळीच आवडली नाही. जमिनी फसवून घेतल्या गेल्या आहेत ही डेलावेअर लोकांची तक्रार नोंदली जावी, यासाठी ते अडून बसले. खुर्ची सोडली, विषय सोडला नाही.

याची उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये संसदेची दारे बंद असताना क्वेकरांनी 1783 मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध संसदेकडे अर्ज केला. 22 मे 1787 रोजी लंडनमधील जॉर्ज यार्ड येथे जेम्स फिलिप्स या क्वेकर मुद्रकाच्या दुकानात बाराजण जमले आणि त्यांनी हा व्यापार बंद करण्यासाठी समिती स्थापन केली. त्या बारांपैकी नऊ क्वेकर होते. या नऊंपैकी कोणीही संसदेत बसू शकत नव्हते, म्हणून सभागृहातील आवाज विल्यम विल्बरफोर्स यांचा आणि गावोगावी हिंडून पुरावे गोळा करणारे पाय थॉमस क्लार्कसन यांचे. दोघेही क्वेकर नव्हेत. पत्रके छापणे, पैसा उभा करणे, गावोगावच्या मीटिंगांच्या जाळ्यातून माहिती पोहोचवणे हे काम क्वेकरांचे. 1792 मध्ये कॉमन्सकडे 519 अर्ज आले. व्यापार 1807 मध्ये बंद झाला. खुर्चीवाचून किती काम होऊ शकते हे मला यात दिसते, आणि आपले काम दुसऱ्याच्या नावावर जमा होऊ देण्याची तयारीही दिसते, जी आजच्या सार्वजनिक जीवनात दुर्मीळ झाली आहे.

बेयर्ड रस्टिन हे याच जातीचे. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी निघालेल्या 28 ऑगस्ट 1963 च्या वॉशिंग्टन मोर्चाची सारी बांधणी या क्वेकर माणसाने साधारण दोन महिन्यांत केली. किती बसगाड्या, किती शौचालये, उन्हात न बिघडणारे कोणते खाणे लोकांनी बरोबर आणावे, इथपर्यंत. व्यासपीठावरचे मार्टिन ल्यूथर किंग यांचे भाषण जगाला पाठ आहे. शौचालये कोणाला आठवतात?

नोंदवही

मी बरीच वर्षे एका मीटिंगची क्लार्क होते, म्हणून केवळ व्यवहाराचे लिहिते. ओसरी, तुमच्या चौथ्या प्रश्नासाठी आपल्याकडे जुनी सोय आहे आणि तुम्ही ती मागितलेली दिसत नाही. क्लिअरनेस कमिटी मागा. चार-पाच विश्वासू माणसे, त्यांतले निदान एक तुमच्याशी सहसा सहमत न होणारे. आधी एक पानभर तुमचा पेच लिहून द्या. मग दोन-तीन तास ते तुम्हाला फक्त प्रश्न विचारतील. सल्ला द्यायचा नाही, ‘तुम्हाला असे वाटत नाही का की...’ अशा वेषांतर केलेल्या सल्ल्यालाही मज्जाव. दोन प्रश्नांच्या मध्ये पुरेशी शांतता ठेवायची. ऐकलेले बाहेर बोलायचे नाही. मिरवण्याची हौस अशा बैठकीत फार वेळ लपत नाही, असा माझा अनुभव आहे. आनंद झाला म्हणून प्रेरणा खोटी ठरत नाही, हेही सांगून ठेवते. आनंद आणि प्रेरणा एकाच पिशवीतून येतात, निवडून घ्यावे लागते.

दुसरे, मीटिंग ही करमुक्त धार्मिक संस्था आहे, तिला कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. तेव्हा मीटिंगच्या पत्रकात, सूचनाफलकावर किंवा चहाच्या टेबलावर तुमची प्रचारपत्रके नकोत. तुम्हाला आधार देणे निराळे, तुमच्यासाठी मते मागणे निराळे. पूर्वी एका मीटिंगमध्ये यावरून अकारण कटुता झालेली मी पाहिली आहे.

तिसरे, रक्षकांच्या विषयावर सगळे लक्ष एकवटले आहे म्हणून एक दुर्लक्षित गोष्ट सुचवते. केंद्राचा निधी घेणाऱ्या माध्यमिक शाळांना, सैन्यभरती अधिकाऱ्यांनी मागितल्यास, विद्यार्थ्यांची नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक द्यावे लागतात. पालकांनी लेखी नकार दिला तरच माहिती रोखता येते. नकाराचा हा हक्क पालकांना कळवणे शाळेवर बंधनकारक आहे, पण तो कशा अक्षरात, कोणत्या पानावर आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात कळवला जातो, हे बहुतांशी स्थानिक पातळीवर ठरते. पाच विरुद्ध चार मतांची गरज नसलेले काम आहे हे.

तिरका प्रश्न

पेंबर्टन यांच्याविषयी मला माहीत नव्हते. तेवढा मुद्दा मी मागे घेतो. 88 वर्षांचा घेत नाही.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मध्ये क्लिअरनेस कमिटी बसली. नोंदवही यांचा सल्ला शब्दशः पाळला आणि सहसा माझ्याशी न पटणाऱ्या एका वयोवृद्ध सदस्यांना मुद्दाम बोलावले. जवळजवळ पहिला तास मी फार नीट उत्तरे दिली. मग त्याच आजोबांनी विचारले, “तू निवडून आली नाहीस, तर त्या सैन्यभरतीला नकार देण्याच्या अर्जाचे काय करशील?” मी पानभर टिपणात तो विषय ऐटीत लिहिला होता, अगदी आपल्या कार्यक्रमातील पहिले काम म्हणून. मला उत्तर देता आले नाही. बराच वेळ कोणी काही बोलले नाही, आणि त्या शांततेत मला स्पष्ट दिसले की ते काम करायला मला खुर्चीची गरजच नाही, मी मात्र ते खुर्चीसाठी राखून ठेवले होते.

उमेदवारीचा निर्णय अजून झालेला नाही. कमिटी पुढच्या पंधरवड्यात पुन्हा बसेल. शपथेबाबत माझ्या मनात आता काही शंका उरली नाही. अंदाजपत्रकाबाबत मी एका कागदावर लिहून ठेवले आहे, की रक्षकांचा स्वतंत्र ठराव आला तर मी विरोधात मत देईन आणि कारण सांगेन. तो हरला तर संपूर्ण अंदाजपत्रक अडवणार नाही, कारण त्यात ग्रंथपालांचे आणि बसचालकांचेही पगार असतात. परंतु विद्यार्थ्यांना शस्त्रधारी रक्षकाकरवी शिस्त लावण्याचा नियम आला, तर त्या दिवशी मी उठेन. हा कागद मी त्या आजोबांजवळ दिला आहे.

तिरका प्रश्न, तुमच्या 88 वर्षांना माझ्याजवळ उत्तर नाही. तो आकडा मी टिपणाच्या वर लिहून ठेवला आहे.

काल शाळेची पालकपुस्तिका काढून पाहिली. भरतीविषयीचा नकाराचा हक्क पृष्ठ 41 वर आहे, बसच्या वेळापत्रकाच्या खाली, तीन ओळींत, आणि अर्ज कुठे मिळतो हे लिहिलेले नाही. मंडळाची खुली सभा मंगळवारी आहे. बोलण्यासाठी नागरिकांना तीन मिनिटे मिळतात. मी नाव नोंदवले आहे, आणि वूलमनपासून सुरुवात करणार नाही.